एल्कच्या पहिल्या शिकारीला जाताना बूट कसे निवडावेत

एल्क हे उत्तर अमेरिकेतलं मोठं हरीण. त्याचा पूर्ण वाढलेला नर साधारण ३०० ते ३२० किलोचा असतो. सगळी हाडं डोंगरातच काढून टाकली तरी ८० ते १०० किलो मांस उरतं आणि ते गाडीपर्यंत पाठीवरूनच आणावं लागतं. गाडी सहा किलोमीटर लांब असेल आणि तुम्ही एका वेळी २५ किलो उचलत असाल, तर भरलेल्या चार खेपा आणि मधल्या रिकाम्या तीन, अशी ४२ किलोमीटरची चाल होते. तीही दहा हजार फुटांच्या आसपास, बऱ्याचदा पायवाट नसलेल्या उतारावर. बूट घ्यायला दुकानात जाल तेव्हा हे गणित डोक्यात असू द्या. फरशीवर चार पावलं टाकून जो बूट मऊ आणि हलका म्हणून आवडतो, तो पाठीवर मांस आल्यावर बहुतेक वेळा दगा देतो.

हे ओझं टाळताही येत नाही. मी शिकार करते त्या अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्याच्या कायद्यानुसार खाण्याजोगं मांस डोंगरात टाकून येणं हा गुन्हा आहे. किमान चारही पाय, पाठीच्या कण्यालगतचे दोन लांब पट्टे आणि आतल्या बाजूचं मऊ मांस आणावंच लागतं. कायदा नसता तरी एवढं मोठं जनावर मारून त्याचं मांस कुजायला सोडणं मला पटलं नसतं. म्हणून मी नवख्यांना नेहमी सांगते, बूट परतीच्या वाटेसाठी निवडा. जाताना कुठलाही बूट चालतो.

मी डेन्व्हरजवळ राहते. वाढले पुण्यात, आणि कॉलेजची वर्षं राजगड-तोरणा, हरिश्चंद्रगड, कळसूबाई करण्यात गेली. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यापासून शिकार बंद आहे, त्यामुळे आपल्यापैकी बहुतेकांना घरातून या विषयाचं काहीच मिळालेलं नसतं. मला शिकवलं ते आमच्या शेजाऱ्यांनी. सत्तरीतले गृहस्थ, तीस वर्षं याच डोंगरात शिकार केलेले. पहिल्या वर्षी मी जाताना सह्याद्रीत वापरायचे तसे बूट घालून गेले: मऊ सोल, घोट्याच्या जेमतेम वर येणारे, पायाला सरावलेले. दोन दिवस मजेत गेले. तिसऱ्या दिवशी शेजाऱ्यांनी मादी एल्क मारली आणि मागच्या पायाचं २० किलोंहून जास्त मांस माझ्या पाठीवर आलं. एका लांबलचक ट्रॅव्हर्सवर, म्हणजे उतारावरून आडवं चालताना, बूट प्रत्येक पावलाला उताराकडे वाकत होता आणि पाऊल आतल्या आत घसरत होतं. गाडीपाशी पोचले तेव्हा दोन्ही टाचांना रुपयाएवढे फोड होते आणि अंगठ्यांची नखं काळी पडली होती. दुसऱ्या खेपेला मी जाऊ शकले नाही. माझ्या वाटचं ओझं त्या सत्तरीतल्या माणसाने आणलं. याची खंत मला आजही आहे आणि हे सगळं इतक्या तपशिलात लिहिण्याचं कारणही तेच आहे.

आणखी एक गोष्ट, बुटांशी संबंध नसला तरी आपल्या लोकांसाठी महत्त्वाची. तुम्ही एच-१बी किंवा तशा तात्पुरत्या व्हिसावर असाल, तर अमेरिकेच्या संघीय कायद्याने बंदूक आणि काडतुसं बाळगायला मनाई आहे. वैध शिकार परवाना असणाऱ्यांना त्यातून सूट आहे. बंदूक हातात घेण्याआधी एखाद्या जाणत्या वकिलाशी बोलून घ्या. कोलोरॅडोत १ जानेवारी १९४९ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला परवान्यासाठी शिकार-सुरक्षेचा अभ्यासक्रमही पूर्ण करावा लागतो.

आधी मोसम आणि डोंगर

बुटांचं दुकान नंतर, परवाना आधी. कोलोरॅडोत धनुष्यबाणाचा मोसम सप्टेंबरभर असतो आणि रायफलचे वेगवेगळे टप्पे ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या उत्तरार्धापर्यंत चालतात. सप्टेंबरमध्ये दुपारी टी-शर्टवर फिरता येतं. नोव्हेंबरमध्ये त्याच खोऱ्यात गुडघाभर बर्फ असू शकतं. एकच बूट दोन्हीकडे सारखाच चांगला चालेल अशी अपेक्षा ठेवू नका.

मग जमीन बघा. मी बहुतेक वेळा कोलोरॅडोतल्या फ्लॅट टॉप्स या पठाराच्या भागात जाते. त्या पठाराचा माथा लाव्हाच्या थरांचा, म्हणजे आपल्या सह्याद्रीसारखाच काळा बेसाल्ट. पहिल्यांदा तो दगड बघितला तेव्हा घरी आल्यासारखं वाटलं होतं. पण सारखेपणा तिथेच संपतो. कळसूबाईचा माथा ५,४०० फुटांवर आहे आणि डेन्व्हर शहरच ५,२८० फुटांवर. एल्क सप्टेंबरमध्ये नऊ ते साडेअकरा हजार फुटांवर, झाडोऱ्याच्या वरच्या काठाशी असतात. शिवाय १९४० च्या दशकात या पठारावरची स्प्रूसची, म्हणजे सुईसारख्या पानांच्या उंच झाडांची, जंगलंच्या जंगलं सालीखाली शिरणाऱ्या भुंग्यांनी मारली. तेव्हापासूनचे चांदीसारखे करडे ओंडके आजही एकमेकांवर आडवे पडलेले दिसतात. अशा जंगलात तासभर चाललात की शे-दीडशे वेळा पाय उचलून ओंडका ओलांडावा लागतो. बूट जड असेल तर मांड्या भरून येतात आणि मऊ असेल तर ओंडक्यावरून उतरताना घोटा मुरगळतो.

तुमच्या भागात ओक-झुडपांच्या टेकड्या आणि सेजब्रश नावाच्या बुटक्या झुडपांची मैदानं असतील, तर हलका बूट चालेल. दगडांचा घसारा, उभे उतार आणि पडलेली झाडं असतील, तर पुढचा भाग लक्ष देऊन वाचा.

सोल किती ताठ हवा

सगळ्या निवडीत मला हीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते, आणि नवखा माणूस नेमकं इकडेच बघत नाही.

सपाट वाटेवर पाऊल चवड्यातून वाकतं, त्यामुळे सोलही वाकलेला बरा. उभ्या उतारावर आडवं चालताना मात्र सोलची फक्त डोंगराकडची कड जमिनीला टेकते. मऊ सोल तिथे पिळला जातो आणि तो पीळ थेट घोट्यावर येतो. ताठ सोल फळीसारखा उभा राहतो, कड मातीत रुतते आणि तुमचा भार बूट उचलतो. पाठीवर २५ किलो असताना हा फरक प्रत्येक पावलाला जाणवतो. घसाऱ्यात टोकदार दगडांवरून जातानाही तेच. मऊ सोलमधून दगड तळपायाला टोचत राहतात आणि संध्याकाळपर्यंत तळवे सुजल्यासारखे होतात.

दुकानात ताठपणा तपासायचा असेल तर एका हातात टाच, दुसऱ्या हातात चवडा धरा आणि धुतलेलं कापड पिळतो तसा बूट पिळून बघा. सहज पिळला गेला तर तो ठेवून द्या. मग चवडा जमिनीवर दाबून टाच उचला. बूट थोडा वाकावा, पण त्याला जोर लागावा.

जर्मनीच्या माइंडल कंपनीने बुटांच्या ताठपणासाठी ए, बी, सी, डी अशी श्रेणी लावली आणि ती आता इतरही वापरतात. ए म्हणजे सपाट वाटांचे, बी म्हणजे डोंगरी ट्रेकचे, सी म्हणजे दगड-बर्फाच्या उंच पर्वतांचे आणि डी म्हणजे निव्वळ बर्फाच्या चढाईचे. पहिल्या एल्क शिकारीला बी किंवा बी आणि सी यांच्या मधला बूट घ्या. त्याहून ताठ नको. जन्मभर मऊ बूट घातलेल्या पायाला सी श्रेणीचा बूट पहिल्याच वर्षी दिला तर पाऊल वाकत नाही, टाच आत वर-खाली होते आणि फोड हमखास येतात. धनुष्यबाणाने शिकार करणाऱ्यांसाठी आणखी एक अडचण आहे. ताठ सोल काटक्यांवर आवाज करतो, कारण पायाखाली काय आहे ते आपल्याला त्यातून कळतच नाही. शेवटच्या शंभर मीटरला बूट काढून जाड मोज्यांवर जाणारे शिकारी मी पाहिले आहेत आणि ती युक्ती खरंच उपयोगी आहे.

काही अनुभवी शिकारी धावायच्या ट्रेल शूजवर एल्कमागे जातात. त्यांच्या पायांनी वर्षानुवर्षं ओझी वाहिलेली असतात, त्यांना ते शोभतं. पहिल्या वर्षी त्यांचं अनुकरण करू नका.

सोलच्या खालचा भागही उलटून बघा. पिवळ्या अष्टकोनी शिक्क्यातलं व्हायब्रम हे नाव तुम्हाला दिसेल. व्हिताले ब्रामानी या इटालियन गिर्यारोहकाचे सहा साथीदार १९३५ साली आल्प्समध्ये मरण पावले, आणि त्यांच्या पायातले अपुरे बूट हे त्याचं एक कारण होतं. त्यानंतर त्याने रबराचा खोल खाचांचा सोल बनवला आणि १९३७ मध्ये तो बाजारात आणला. सह्याद्रीत पावसाळी कातळावर आपल्याला मऊ, सपाट रबराची पकड लागते. इथे चिखल, ओलं गवत, पाइनच्या सुया आणि बर्फ असतं, म्हणून खाचा खोल हव्यात. टाचेपाशी ठळक पायरी हवी. उतरताना ब्रेक तीच लावते.

उंची, कातडं, पाणी आणि ऊब

उंची सात ते दहा इंच असावी. सात-आठ इंचाचा बूट पहिल्यांदा पुरतो. दहा इंचाचा बर्फात आणि ओंडक्यांच्या जंगलात नडगी वाचवतो, पण जड असतो. जोडीचं वजन दीड ते दोन किलोंच्या दरम्यान असेल तर ठीक. पायातला एक पौंड म्हणजे पाठीवरचे पाच पौंड, असं इथले जुने लोक म्हणतात आणि माझ्या मांड्यांचा अनुभवही तसाच आहे.

वरचा भाग अखंड कातड्याचा घ्या, शिवणी कमीत कमी असलेला. दगड आधी शिवण फाडतो. खालून बोटभर उंचीची रबरी पट्टी सगळीकडून फिरवलेली असेल तर घसाऱ्यात कातडं वर्षानुवर्षं टिकतं. नायलॉनच्या जाळीचे बूट हलके असतात आणि लवकर वाळतात, पण बर्फात थंड पडतात.

पाणी अडवणारा गोअर-टेक्ससारखा पापुद्रा हवा की नको, यावर शिकाऱ्यांत कायम वाद असतो. विरोधकांचं म्हणणं खरं आहे. पाणी वरून आत गेलं की असा बूट लवकर वाळत नाही आणि काही वर्षांनी पापुद्रा फाटतोच. तरीही पहिल्या शिकारीला मी तो असलेलाच बूट घ्यायला सांगेन. सह्याद्रीत आपण पावसात भिजलेल्या बुटांनी दिवसभर चालतो आणि काही बिघडत नाही, कारण हवा उबदार असते. रॉकी पर्वतात पहाटे सप्टेंबरमध्येही पारा शून्याखाली जातो. तिथे ओले पाय म्हणजे दिवस वाया, आणि नोव्हेंबरमध्ये धोकाच.

ऊब देणाऱ्या अस्तरावर २००, ४००, ८०० असे आकडे असतात. एका चौरस मीटर अस्तराचं ते ग्रॅममधलं वजन आहे. जास्त आकडा म्हणजे चांगला बूट, असा समज करून घेऊ नका. चढताना पायाला घाम येतो, घामाने मोजे ओले होतात आणि मग टेहळणीला बसलात की तेच मोजे बर्फासारखे गार पडतात. सप्टेंबर आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला अस्तर नकोच. ऑक्टोबरच्या शेवटी २००, नोव्हेंबरमध्ये ४००. त्याहून जास्त अस्तराचे बूट मचाणावर तासन्‌तास बसून हरणाची वाट बघणाऱ्यांसाठी असतात.

माप

महागड्यात महागडा बूट पायाला बसला नाही तर त्याचा उपयोग शून्य. इथे मात्र घाई करू नका, दुकानात दोन तास लागले तरी लागू द्या.

आपल्या पायांची एक गोष्ट आधी समजून घ्या. चेन्नईच्या सेंट्रल लेदर रिसर्च इन्स्टिट्यूटने काही वर्षांपूर्वी भारतभर एक लाखाहून जास्त लोकांची पावलं मोजली. भारतीय पाय युरोपी-अमेरिकी पायांपेक्षा सरासरीने रुंद असतात, असं त्यातून दिसलं, आणि त्यावरून ‘भा’ नावाची वेगळी मापपद्धत सुचवली गेली. हे मला आधी माहीत असतं तर किती तरी वर्षांचा त्रास वाचला असता. रुंद पायाचा माणूस अरुंद बुटात शिरण्यासाठी एक माप मोठं घेतो. मग चवडा बसतो, पण टाच सैल राहते, आणि सैल टाच म्हणजे फोड. लांबी वाढवू नका, रुंदी वाढवा. इथे पुरुषांची सर्वसाधारण रुंदी डी, रुंद म्हणजे ईई. बायकांची सर्वसाधारण रुंदी बी, रुंद म्हणजे डी. शिकारीच्या बुटांमध्ये बायकांची मापं दुकानात फार कमी ठेवलेली असतात. पुरुषांचं माप घ्यायची वेळ आली तर आपल्या मापातून साधारण दीड वजा करा, पण टाच धरून ठेवते का ते दहादा बघा, कारण पुरुषांच्या बुटाची टाच रुंद असते.

दुकानात ब्रॅनॉकचं धातूचं मापयंत्र असतं, त्यावर दोन्ही पाय उभं राहून मोजून घ्या. ते नुसती लांबी सांगत नाही, तर रुंदी आणि टाचेपासून चवड्यापर्यंतचं अंतरही सांगतं. बूट जिथे वाकतो तिथेच तुमचा चवडा वाकला पाहिजे. बहुतेकांचा एक पाय मोठा असतो, माप त्या पायाचं धरा.

संध्याकाळी जा. दिवसभरात पाय सुजतात, आणि डोंगरात ओझं घेऊन चालताना त्याहून जास्त. जाताना शिकारीत घालणार तेच मोजे घेऊन जा. लेस सैल ठेवून पाय आत सरकवा, अंगठा पुढे टेकवा, आणि टाचेमागे एक बोट जातंय का बघा. मग टाच मागे ठोकून लेस बांधा. आता अंगठ्यापुढे अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा हवी आणि बोटं मोकळी हलली पाहिजेत.

यानंतर खरी परीक्षा. चांगल्या दुकानात लहानसा लाकडी उतार ठेवलेला असतो. त्यावर तोंड खाली करून उभं राहा आणि दणादणा पाय आपटा. बोटं पुढे टेकली तर तो बूट नको, विक्रेता काहीही म्हणो. माझी नखं काळी पडली ती याच कारणाने. मग तोंड वर करून चवड्यावर उभं राहा. टाच जराशी उचलली गेली तर नव्या ताठ बुटात ते चालतं, बोटभर उचलली तर नाही. शक्य असेल तर दुकानातली एखादी सॅक वजन भरून पाठीवर घ्या आणि अर्धा तास दुकानातच फिरा. कोणी हसणार नाही, इथले शिकारी हेच करतात.

‘वापरून वापरून सैल होईल’ ही आपली जुनी समजूत कोल्हापुरीसाठी खरी आहे. ताठ डोंगरी बुटाचं कातडं थोडं सैलावतं, पण लांबी वाढत नाही. दुकानात करंगळी दुखली तर डोंगरात ती जास्तच दुखेल.

बूट पायाला सरावणं

परवाना सप्टेंबरचा असेल तर बूट जूनअखेर घरात असले पाहिजेत. पहिला आठवडा फक्त घरात घाला. स्वयंपाक करताना, जिना चढता-उतरताना. फरशीवरच वापरले तर बूट परत करता येतात, म्हणून पावती जपून ठेवा. पुढचे दोन आठवडे रोजचं फिरणं आणि वाणसामान याच बुटात. चौथ्या आठवड्यापासून डोंगर आणि पाठीवर आठ-दहा किलो.

वजनासाठी वेगळं काही विकत घ्यायची गरज नाही. देशी दुकानातली २० पौंडांची तांदळाची पिशवी सॅकमध्ये बसते. ऑगस्टमध्ये अशा दोन पिशव्या, म्हणजे सुमारे १८ किलो, घेऊन किमान चार-पाच वेळा चढा आणि तेवढंच वजन घेऊन उतरा. पाण्याचे कॅन वर नेऊन रिकामे करण्याची पद्धत गुडघ्यांना बरी, पण मग बूट उतारावर ओझ्याखाली कसा वागतो ते कळत नाही. एकूण ८० किलोमीटर तरी त्या बुटात झाले असावेत.

नवी कोल्हापुरी चावते तेव्हा आपण तिला तेल पाजतो. इथे ते करू नका. खोबरेल किंवा एरंडेल तेलाने कातडं नको तितकं मऊ पडतं आणि ज्या ताठपणासाठी पैसे दिले तोच जातो. मेणयुक्त लेप पातळ हाताने लावा, शिवणीवर थोडा जास्त. बूट पाण्यात बुडवून पायात वाळवण्याचा सल्लाही कोणी देईल. पापुद्र्याच्या बुटाला तो लागू नाही.

मोजे, टेप, लेस

सुती मोजे घरी ठेवा. मेरिनो लोकरीचे मध्यम जाडीचे तीन जोड पुरतात. एक पायात, एक सॅकच्या पट्ट्यावर वाळत, आणि एक फक्त झोपायला, तो काही झालं तरी ओला होऊ द्यायचा नाही. आत पातळ मोजा घातला तर घर्षण दोन मोज्यांमध्ये होतं आणि कातडी वाचते. हे सगळ्यांना मानवतं असं नाही, सरावातच ठरवा.

फोड येतो तो कातडीचे थर आतल्या आत ताणले जाऊन, आणि ओल व उष्णता त्याला हात देतात. सरावात जिथे लाल होतं, तिथे शिकारीच्या आदल्या रात्री कोरड्या पायाला ल्युकोटेप ही घट्ट चिकटणारी कापडी पट्टी लावा. कोपरे गोल कापा, सुरकुती पडू देऊ नका. चालताना कुठे चुरचुरलं तर लगेच थांबा. ‘त्या खिंडीपर्यंत जाऊ, मग बघू’ म्हणत मी पुढे गेले होते आणि खिंडीत पोचेपर्यंत फोड फुटला होता. पायाची नखं शिकारीला जाण्याच्या तीन दिवस आधी कापा, आदल्या रात्री नको.

लेस दिवसभर एकसारखी बांधायची नसते. चढताना घोट्याच्या वर सैल, म्हणजे नडगी पुढे झुकू शकते. उतरण्याआधी थांबा, टाच मागे ठोका, आणि पायाचा वरचा भाग वळतो तिथे लेसला दोनदा पीळ देऊन घट्ट गाठ घ्या. पाऊल पुढे सरकणं तिथेच थांबतं. मांस पाठीवर घेण्याच्या आधी हे दोन मिनिटांचं काम कधीही चुकवू नका.

सोबत गेटर्स, म्हणजे बुटाच्या तोंडावरून नडगीभोवती बांधायची कापडी आवरणं, आणि चालायच्या दोन काठ्या घ्याच. गेटर्स बर्फ, खडे आणि गवतावरचं दव आत येऊ देत नाहीत. काठ्यांनी ओझ्याचा काही भार हातांवर येतो.

डोंगरात गेल्यावर

ओढा ओलांडताना बूट काढा. हलके सँडल सॅकला अडकवलेले असू द्या, तंबूपाशीही तेच कामाला येतात. पाणी घोट्याच्या वर असेल तर पापुद्रा काही करू शकत नाही. आत शिरलेलं पाणी चार दिवस सोबत राहतं.

ओले बूट शेकोटीजवळ ठेवायचा मोह आवरा. कातडं तडकतं आणि सोलचा डिंक सुटतो. आतला इनसोल काढा, लेस पूर्ण सैल करा, आत कोरडं कापड किंवा कागद कोंबा. रात्री बूट पिशवीत घालून झोपायच्या पिशवीच्या पायथ्याशी ठेवा. बाहेर राहिले तर पहाटे लाकडासारखे गोठतात. तेवढी जागा नसेल तर निदान जीभ ओढून तोंड उघडं ठेवा, म्हणजे गोठले तरी पाय आत जाईल. पहाटे चार वाजता गोठलेल्या बुटात पाय घालण्यासाठी झगडणं मी एकदा केलं आहे.

पैसे

चांगली जोडी साडेतीनशे ते साडेपाचशे डॉलरला पडते. केनेट्रेक, क्रिस्पी, लोवा, माइंडल, झांबर्लान, डॅनर, स्कार्पा ही नावं शिकाऱ्यांच्या तोंडी असतात. यातलं सर्वांत चांगलं कुठलं, याचं उत्तर तुमच्या पायाकडे आहे. प्रत्येक कंपनीचा साचा वेगळा असतो, म्हणून निदान तीन घालून बघा. बजेट कमी असेल तर रायफलची दुर्बीण स्वस्तातली घ्या, कपडे सेकंडहँड घ्या, बुटांवर काटकसर करू नका. मागच्या वर्षीचं मॉडेल वसंत ऋतूत बरंच स्वस्त मिळतं.

माळ्यावर किंवा बेसमेंटमध्ये सात-आठ वर्षं पडलेले बूट मात्र नवेकोरे दिसले तरी नेऊ नका. सोलमधला पॉलियुरेथेनचा थर हवेतल्या दमटपणाने आतून सडतो आणि बूट न वापरताच ठेवले तर आणखी लवकर. पुण्याहून आणलेल्या एका जोडीचा सोल असाच माझ्यासमोर, मैत्रिणीच्या पायात, वाटेवर सुटून आला होता. अंगठ्याने तो थर जोरात दाबून बघा. भुसभुशीत लागला किंवा भेगा दिसल्या तर ते बूट संपले.

शिकार झाली की घरी आल्यावर पहिल्या दिवशी बूट कोमट पाण्याने आणि ब्रशने धुवा. रक्त आणि चिखल शिवणीत राहिला तर दोरा कुजतो. सावलीत दोन-तीन दिवस वाळू द्या, मग मेण लावा आणि लेस सैल सोडून हवेशीर जागी ठेवा. सोलच्या खाचा अर्ध्याहून कमी उरल्या असतील तर या दर्जाच्या बऱ्याच बुटांना नवा सोल बसवून मिळतो आणि ते पुन्हा काही मोसम चालतात. त्यासाठी बूट हिवाळ्यातच पाठवा. ऑगस्टमध्ये पाठवलेले बूट सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत परत येतीलच असं नाही.